परतीचं आमंत्रण

२६ एप्रिल

आले एकदाची! टेम्पोवाल्यांनी शेवटचं खोकं आत टाकलं आणि मी नव्या घरातला पहिला चहा केला. साखरेचा डबा सापडेना म्हणून गुळाचा. तोही छान लागला.

नवं म्हणजे मला नवं. ‘मंजिरी’ सोसायटी तशी जुनी, तीन मजली, सिंहगड रस्त्यावरून नदीकडे उतरत जाणाऱ्या गल्लीच्या अगदी टोकाला. माझा फ्लॅट तळमजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागची दगडी भिंत दिसते, भिंतीत एक गंजलेलं फाटक, आणि फाटकापलीकडे दहा-बारा पायऱ्या उतरून मुठा. तिला नदी म्हणायला जीभ रेटत नाही. या दिवसांत ती म्हणजे जलपर्णीतून वाट काढणारा काळसर ओघळ, दोन बगळे आणि वास. तरी पाणी जवळ असलं की मला बरं वाटतं. माझं माहेर वाईचं, अगदी घाटावरचं. पण ते घर मला लाभलं सुट्टीपुरतं. बाकी सगळं लहानपण पाचगणीला, कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात.

रोजनिशीची सवय तिथलीच. सिस्टर रोज संध्याकाळी लिहायला बसवत. अक्षर नीट, खाडाखोड नाही, आणि शेवटी दिवसभरातली एक चांगली गोष्ट. तेव्हा मी इंग्रजीत लिहायचे. लग्न होऊन नागपूरला गेले आणि हळूहळू मराठीत लिहू लागले, मराठीतच रुसू लागले. हे गेल्याला सहा वर्षं झाली. आता अपूर्वाच्या हट्टाने पुण्याला आले आहे. लेक एका टोकाला, आई दुसऱ्या टोकाला, पण निदान एका शहरात.

जिन्यातल्या पाट्या वाचून एकटीच हसले. सेक्रेटरी इंद्रजीतरावांचा हात आहे म्हणे. ‘बेल एकदाच वाजवावी. आत माणसं राहतात, बहिरी नव्हे.’ ‘दुपारी एक ते चार आग लागली असल्यासच उठवावे.’ आणि मागच्या दाराशी: ‘नदी सोसायटीच्या हद्दीबाहेर आहे. वास, डास व पाणी यांच्या तक्रारी सेक्रेटरींकडे आणू नयेत.’

तिसऱ्या मजल्यावर वासंतीताई राहतात. एकट्याच, विद्यापीठाच्या कचेरीतून निवृत्त. गुडघ्यांमुळे वर्षभर खाली आलेल्या नाहीत. मी भेटायला वर गेले, तर म्हणाल्या, आता काय, एकदाच उतरायचं, तेही चौघांच्या मदतीने. मला त्या फार आवडल्या.

आजची चांगली गोष्ट: मागच्या भिंतीवर भारद्वाज येऊन बसला होता.

२८ एप्रिल

अवनी आली! अपूर्वाला ऑफिसने दोन आठवड्यांसाठी बंगळूरला पाठवलं आहे, जावई, सलिल, तर मस्कतलाच असतो. म्हणून नात माझ्याकडे. सहा वर्षांची आहे, समोरचे दोन दात नाहीत, आणि प्रश्न संपत नाहीत. नदी काळी का? तिला कुणी आंघोळ घालत नाही का? मी म्हटलं, पावसाळ्यात घालतात. म्हणाली, मग आत्ता तिला खाजत असेल.

चैत्रगौर मांडली आहे. आईची पितळी गौर, छोट्या झोपाळ्यात. अक्षय्य तृतीयेला हळदीकुंकू करायचं ठरवलं. हे लिहिताना हात जरा थांबला. हे गेल्यापासून मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. कुणी अपमान केला नाही, वाईट बोललं नाही. फक्त आमंत्रण यायचं थांबलं. नागपुरात शेजारच्या दारातल्या चपला मोजायची नाही असं ठरवूनही नजर जायची. आता मीच बोलावणार. वासंतीताईंना आधीच खरं सांगून टाकलं, मी कुंकू लावत नाही, तुम्हाला चालेल ना? त्या म्हणाल्या, मला डाळ नीट वाटलेली नसेल तर चालत नाही, बाकी सगळं चालतं.

सोसायटीतल्या आणि समोरच्या इमारतीतल्या मिळून दहाजणींना सांगून आले. सगळ्या गोड हसून हो म्हणाल्या. इंद्रजीतरावांच्या बायकोने तर मार्केट यार्डातून येताना माझ्यासाठीही कैऱ्या आणल्या. घरभर कैरीचा वास आहे. अवनी मिठाबरोबर खाऊन दात आंबवून बसली आहे.

३० एप्रिल

दुपारी लख्ख ऊन होतं. डाळ झाली, पन्हं झालं, हरभरे भिजले होते, कलिंगडाचं कमळ कापलं, अवनीने गुलाबदाणी हातात घेऊन दारात उभं राहायची तालीम केली. बायका पाचच्या सुमाराला येणार होत्या.

चारला अंधारून आलं. वळीव असा येतो आणि असा जातो हे गृहीतच धरलेलं, पण हा जाईचना. आधी गारा, मग दोरखंडासारखा पाऊस. समोरच्या गुलमोहराची फांदी कडाडून खाली आली. मुख्य रस्त्यावरचं सगळं पाणी आमच्या गल्लीतून लोटत आलं. चपला, प्लॅस्टिकच्या पिशव्या, एक उलटी बादली. गाड्या बंद पडून रांगा लागल्या. एकेकीचे फोन येत गेले. एक कात्रजच्या घाटापाशी अडकली, एकीच्या घरात वरून गळायला लागलं, एकीने फोनच केला नाही. वासंतीताई म्हणाल्या, झिजलेले गुडघे डाळीने भरून येत नाहीत, तेव्हा माझी वाटी वर पाठवा. मी नेऊन दिली. बाकी नऊ वाट्या ओळीने तशाच. गौर झोपाळ्यात बसून बघत होती.

अवनीने विचारलं, आजी, तू रडतेयस? मी म्हटलं, कांदा चिरला. डाळीत कांदा नसतो, हे तिला कुठे माहीत.

पाऊस जरा थांबला, तेव्हा मला आई आठवली. कृष्णेला पाणी चढलं की आई सुपात खण-नारळ घेऊन घाटावर जायची, नदीची ओटी भरायला. मी वरच्या पायरीवर, बूट-मोज्यांत. खाली उतरायची परवानगी नव्हती. आई वाकून पाण्याला काहीतरी सांगायची. काय, ते कधी ऐकूच आलं नाही.

वाटलं, शेजारच्या बायका नाही आल्या तर नाही, हिची तरी ओटी भरावी. हिरवा खण, लाल काठाचा, नारळ, तांदूळ, ओंजळभर हरभरे घेऊन फाटक उघडलं. नदी ओळखू येईना. जलपर्णी कुठल्या कुठे गेली होती आणि तांबडं पाणी पायऱ्या चढून आलं होतं, घाईघाईत. मी खाली वाकले, ओटी सोडली, आणि कुठल्याही सवाष्णीला म्हणतात तेच म्हटलं. घरी या हं. आज कुणीच आलं नाही, तुम्ही निवांत या. नात आहे माझी, अवनी, तिलाही बरं वाटेल.

नारळ वाहून गेला नाही. वळून आला, पायरीवर दोनदा आपटला, आणि मग गेला.

आजची चांगली गोष्ट: कुणाची तरी ओटी भरली.

२ मे

पाऊस रोज येतो आहे. पण आज मन आनंदात आहे, कारण पाहुणी आली!

दुपारी अवनी झोपली होती, मी आडवी होणार इतक्यात बेल वाजली. एक ते चारमध्ये या इमारतीत बेल वाजवणारी बाई पुण्याची नसणार हे मी तेव्हाच ताडलं. दारात एक बाई उभी होती. वय सांगता येईना. मातकट रंगाचं लुगडं, काठ भिजलेले, केस ओले, कपाळावर ठसठशीत कुंकू. मागच्या बाजूला राहते म्हणाली. बोलावलंत म्हणून आले.

मी हरखून गेले. त्या दिवशी मी घरोघरी फिरले तेव्हा हिच्याही कानावर गेलं असणार. आणि हिरवा खण, लाल काठ! तिच्या अंगातली चोळी अगदी मी त्या दिवशी ओटीत घातलेल्या खणासारखी होती. मी तसं म्हटलंही. ती हसली.

बाई फार बोलत नाही. डाळ खाल्ली, पन्हं घेतलं, पुन्हा घेतलं, पातेलं संपल्यावर साधं पाणी घेतलं. इतकं पाणी पिणारं माणूस मी पाहिलं नाही. मग म्हणाली, मला कुणी घरात बोलवत नाही. दारापर्यंत येतात, हातावर ठेवतात आणि पाठ फिरवून जातात. मला काय वाटलं हे लिहून सांगता येणार नाही. मी तिचा हात धरला. बर्फासारखा गार होता. मी म्हटलं, मला माहीत आहे हो ते कसं असतं.

निघताना तिने माझ्याच कोयरीतून बोट भरून माझ्या कपाळाला कुंकू लावलं. सहा वर्षांनी. मी नको म्हणू शकले नाही. म्हणावंसं वाटलंच नाही. येत जा हं, म्हटलं.

ती बसली होती तिथली सतरंजी चिंब भिजली होती आणि खाली गाळ. पावसात आली, बिचारी. वाटीत उरलेल्या हरभऱ्यांना बोटबोट मोड आले आहेत. कुंकू धुताना बेसिनमध्ये लाल पाणी गेलं आणि खाली बारीक रेती उरली. हल्ली कुंकवातही भेसळ.

आजची चांगली गोष्ट: ती.

५ मे

पार्किंगमध्ये घोट्यापर्यंत पाणी. इंद्रजीतरावांनी जिन्यात नवी पाटी लावली: ‘हे पाणी पालिकेचे आहे. सोसायटीने मागवलेले नाही.’

वासंतीताईंना माझ्या नव्या मैत्रिणीबद्दल सांगितलं. म्हणाल्या, मागच्या बाजूला कोण? मागच्या बाजूला बगळे राहतात. चाळीस वर्षं मी या खिडकीतून बघते आहे, भिंत, फाटक आणि नदी. घर नाही, झोपडी नाही, टपरीसुद्धा नाही. तुम्ही कॉन्व्हेंटवाल्या दिशांमध्ये कच्च्या असता का?

मी हसले. पण खाली येताना मागच्या दारातून पाहिलं. खरंच काही नाही. फाटक उघडं होतं. कडी लावली तर लागत नाही.

दुपारी ती पुन्हा आली. या वेळी अवनी जागी होती. मी पन्हं करायला आत गेले, तेवढ्यात तिने अवनीला मांडीवर घेतलं होतं. मी बाहेर येऊन पाहते, तर पोरीच्या कपाळाला कुंकू, ओंजळीत ओले तांदूळ. म्हणाली, तुम्ही बोलावलंत, मी आले. आता परतीचं हळदीकुंकू माझ्याकडे. नातीला घेऊन यायचं. मी कधी, असं विचारलं. म्हणाली, तयारी झाली की मीच न्यायला येईन.

अवनीला मी तिच्या मांडीवरून उचलून घेतलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही. फ्रॉक पाठीकडून सगळा ओला झाला होता.

संध्याकाळी तेल लावून अवनीचं कुंकू पुसलं. पुसलं जात नाही. सुकतही नाही.

त्या ओंजळीतले तांदूळ मी ओळखले. आंबेमोहोर, हळद लावलेले. माझेच.

७ मे

रात्रभर पाऊस, पण पाणी आलं ते बाहेरून नाही. सकाळी न्हाणीघराच्या जाळीतून वर आलं, मग मोरीतून, मग फरशीच्या सांध्यांतून. तांबडं, गार. तासाभरात दिवाण बुडाला. मी अवनीला कडेवर घेतलं, गौर पदरात बांधली, ही वही घेतली आणि वर वासंतीताईंकडे आले. वीज गेली आहे. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, या, घर आपलंच आहे, पाय मात्र पुसून.

अपूर्वाचा फोन आला होता. रडत होती. तिने चौकशी केली आहे. धरणातून पाणी सोडलेलंच नाही; धरणात या दिवसांत पाणी असतं कुठे. टीव्हीवर दाखवतायत, डेक्कनला उतरलं, नदीपात्रातला रस्ता धुऊन काढतायत. मग तुमच्याच गल्लीत कसं, आई? मी काय सांगू. मी म्हटलं, उतार आहे ना. मग फोनची बॅटरी संपली.

दुपारी अग्निशमनची रबरी बोट आली. पहिल्या मजल्याच्या जिन्यावरून आधी इंद्रजीतरावांच्या घरच्यांना नेलं. दुसऱ्या खेपेला मी आणि अवनी. वासंतीताई म्हणाल्या, मला उचलायला क्रेन लागेल, तुम्ही व्हा पुढे. बोट गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि थांबली. इंजिन चालू, पाणी मागे सरतंय, बोट जागच्या जागी. मग हळूहळू मागे यायला लागली. त्या मुलांनी वल्ही मारली, दोर टाकून खांबाला ओढून धरलं. दोर तुटला. पाण्याने आम्हाला अलगद, अगदी अलगद, आमच्याच जिन्याशी आणून सोडलं. मी आणि अवनी उतरलो. त्याबरोबर बोट सुटल्यासारखी निघून गेली.

मोठी बोट घेऊन येतो, म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यांवर जे होतं ते मी पाहिलं.

८ मे

मोठी बोट आली होती. गल्लीत शिरलीच नाही. भोंग्यावरून धीर धरा म्हणत होते.

वासंतीताईंना सगळं सांगितलं. खण, नारळ, पाहुणी, तांदूळ. वाटलं, टोमणा मारतील.  त्यांनी एवढंच विचारलं, ओटी सोडताना काय म्हणालात? मी सांगितलं.

अहो, म्हणाल्या, नदीला कुणी घरी बोलावतं का?

त्यांच्या सासूबाई शनिवार पेठेतल्या, नदीकाठच्या. दरसाल पूर आला की ओटी भरायच्या. नदीची ओटी नदीच्याच दारात भरायची. तिला आपलं दार दाखवायचं नाही, घरातल्या कुणाचं नाव तिच्यासमोर घ्यायचं नाही. आणि सगळ्या जगाला निघताना ‘या’ म्हणायचं, एकट्या तिला म्हणायचं, ‘सुखाने जा’. म्हणून मागे न बघता यायचं.

म्हणजे आई वाकून हे सांगत होती. मी वरच्या पायरीवर होते. बूट-मोज्यांत.

मी म्हटलं, आता ‘जा’ म्हणते. म्हणाल्या, जेवून-खाऊन, आमंत्रण देऊन बसलेल्या पाहुणीला ‘जा’ म्हणून ती जाते होय? तुमचं तिच्याकडे जाणं झालं नाही, तोवर तिचं जाणं नाही.

मग खिडकीकडे बघत हळूच म्हणाल्या, मी गेले असते हो. पण मला बोलावलेलं नाही.

९ मे

पाणी दुसऱ्या मजल्याच्या वर. पाऊस कालपासून नाही. आकाश निळंभोर. पाणी तरी चढतं आहे.

वासंतीताईंच्या दाराची बेल वाजली. वीज नाही. एकदाच वाजली, पाटीवर लिहिलंय तशी. उघडलं नाही. दाराखालून पाणी आलं, बोटाएवढी धार. सरळ अवनीच्या गादीपर्यंत — आजूबाजूला नाही, सरळ.

अवनी म्हणते, मावशी खाली उभी आहे, तिच्याकडे झोपाळा आहे, माझ्याएवढा.

करून पाहिलं. अवनीला वासंतीताईंजवळ ठेवून मी एकटी जिना उतरले. एक पायरी उतरले — पाणी एक पायरी उतरलं. आणखी एक — आणखी एक. वाट देत होतं. परत वर चढले तर माझ्या मागोमाग, पावलाला लागून.

अवनीला कडेवर घेऊन उतरले असते तर दोघींना वाट मिळाली असती. नेण्याची.

म्हणजे एकटीने जाता येतं. मी एकटी गेले तर कदाचित तिचं भागेल. तिला सोबतच हवी होती ना — आणि ती मला ओळखते. मीही तिला.

१० मे

दुपार. जेवणं झाली. भात आणि लोणचं. अवनीला गोष्ट सांगून झोपवलं. कपाळ पाहिलं — कुंकू कडेने सुकायला लागलं आहे. मी ठरवलं तेव्हापासून. खरं सांगते, सुकतंय.

वासंतीताईंनी त्यांची जांभळी इरकल नेसायला दिली. परत करायची घाई नाही, म्हणाल्या. मग भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

त्यांनी एकच बजावलं. निघताना ‘येते’ म्हणायचं नाही. कुणालाही नाही. ‘येते’ म्हणालात की ती तुम्हाला पोचवायला परत येणार, आणि मग पोरगी आहेच. ‘जाते’ म्हणायचं. आयुष्यभराची सवय आहे, विजयमालाबाई, जिभेवर लक्ष ठेवा.

म्हणून तोंडाने बोलणारच नाही, निरोपाचा शब्दही लिहूनच. इथे जिन्यात बसून लिहिते आहे. वही वासंतीताईंकडे राहील. पाणी दोन पायऱ्या खाली. शांत. त्यात खाली कुठेतरी झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज.

अपूर्वा, पोरीला पोहायला शिकव. मला कुणी शिकवलं नाही.

आजची चांगली गोष्ट: अवनी कोरडी आहे.

बेल वाजली. मी उठते. आता फक्त एक शब्द लिहायचा आणि —

अवनी उठली. दारात उभी आहे. विचारते, आजी, कुठे? — बघत नाही तिच्याकडे. लिहिते आहे — रडू नको ना गं — वासंतीताई, धरा तिला, पायरी ओली आहे — नको बाळा, नको रडू, आजी लगेच ये—